तळघरातलं न्हाणीघर

आई, मी जपानमध्ये घर घेतलंय. डोंगरातल्या एका गावी, जिथे लोक बर्फावर घसरायला जातात, नवव्या मजल्यावर एक खोली आणि ओट्यापुरतं स्वयंपाकघर. एके काळी शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी हौसेने घेतलेली ही घरं. आता ती माणसं म्हातारी झाली, मुलांना घरं नकोत, निम्मी इमारत बंद असते. दादाला सांगितलं तेव्हा तो हसला. "लोक कर्जतला घेतात गं! तुला जपान सापडला? तिकडे बर्फ उपसायला कोण जाणार, मी?" मी म्हटलं, ऑफिसच्या कामाने वर्षातून दोनदा जातेच, भाषा येते, आणि मला बर्फ आवडतो. एजंटनेही कारण विचारलं होतं. त्यालाही बर्फच सांगितला.

खरं कारण इमारतीच्या तळघरात आहे. तिथे बायकांचं सगळ्यांचं मिळून एक न्हाणीघर आहे, जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचा मोठा हौद. कपडे बाहेर काढून ठेवायचे, सगळे, आणि बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून मगच पाण्यात उतरायचं. घर बघायला गेले तेव्हा एजंट म्हणाला, वापरून तर बघा. मी आत गेले आणि टॉवेल छातीशी धरून उभीच राहिले. लालबागच्या चाळीतली पोर ना मी.

आपल्या खोलीतली मोरी आठवते तुला? कमरेएवढा कठडा आणि वर दोरीवर टाकलेली तुझी जुनी साडी. मी आंघोळीला गेले की बाबा आणि दादा गॅलरीत जाऊन उभे राहायचे. तू तर आम्ही उठायच्या आत उरकायचीस, तीही परकर छातीवर बांधून. मला फक्त तांब्याचा आणि बांगड्यांचा आवाज ठाऊक. एकदा, सात-आठ वर्षांची असेन, मी साडी सारून डोकावले, तर ओला हात पाठीत बसला. "लाज नाय वाटत गो?"

मग तू अंथरुणाला खिळलीस, माझ्या परळच्या घरी. आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून एक मावशी लावल्या. त्या दार लोटून तुला आंघोळ घालायच्या, मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. एका सकाळी त्यांना यायला वेळ झाला. तू म्हणालीस, "गो बाय, आज तूच घाल ना आंघोळ. पाठ खाजता." जन्मभर पडद्याआड राहिलेली तू हे म्हणतेस आणि मी पर्स उचलते. "उशीर होतोय गं आई. शेजारच्या काकू बसतायत ना तुझ्याजवळ, मावशी येतीलच." तू म्हणतेस, "बरा. जा." पुन्हा कधी म्हणाली नाहीस. पुढे दिवस फारसे उरलेही नव्हते.

त्या न्हाणीघरात शेजारच्या स्टुलावर एक आजी होती, ऐंशीच्या पुढची. तिचा हात मागे पोचत नव्हता. माझ्याकडे बघून तिने साबण लावलेलं फडकं पुढे केलं. "पाठीला लावतेस जरा?" मी टॉवेल बाजूला ठेवला. तिचे मणके एकेक मोजता आले असते. डाव्या खांद्याखाली तीळ होता. मी मानेपासून खाली सावकाश घासत गेले. ती म्हणाली, "जोरात गं, मोडणार नाही मी!" मी हसले, आणि मग हसता येईना. तिथे सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, ते बरं. वर आल्यावर एजंटला म्हटलं, घेते.

आई, तुझ्या पाठीवर तीळ होता का? दादाला कसं विचारू? मावशींना माहीत असेल, पण त्यांचा नंबर माझ्याकडे राहिला नाही.

हे पत्र मी त्या घराच्या कागदांमध्ये ठेवणार आहे. तिकडे मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या सकाळी मला उशीर होत नव्हता. मीटिंग दुपारी होती. मी खाली नाक्यावरच्या हॉटेलात चहा घेऊन बसले, आणि मावशी आपल्या गेटातून आत जाताना दिसल्या, तेव्हाच उठले.