भाट्याच्या खाडीतल्या पोरी

रविवार, १ नोव्हेंबर १९३१

आज दगड आले. पाण्यातच पडले, कुणाला लागले नाहीत – पण चिमा दचकली आणि नाकातोंडात पाणी गेलं. तिच्या पोटाखाली हात धरून मी तिला तरंगायला शिकवत होते. ते धक्क्यावरच्या मंडळींना दिसलं. "मास्तरीण महारांच्या पोरींना न्हाऊ घालतेय," कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं. मी वळून पाहिलं नाही. मी वळले असते तर मुलीही वळल्या असत्या.

सहाजणी येतात, तेरा-चौदा वर्षांच्या. गेल्या वर्षी गवताच्या भाऱ्यांनी भरलेली होडी या खाडीत उलटली, महारवाडीतल्या तीन बायका गेल्या. रोज खाडी ओलांडून गवत कापायला जायचं, आणि पोहता एकीलाही येत नव्हतं! मी मालगुंडच्या गलबतावरच्या तांडेलाची मुलगी. केव्हा पोहायला लागले ते आठवतही नाही. त्या बायकांना बाहेर काढलं तेव्हा मी काठावर उभी होते. म्हणून हे सगळं.

राही सगळ्यांच्या पुढे आहे. तरंगण्यासाठी कमरेला बांधलेले सुके नारळ आज तिने आपणहून सोडून टाकले.

बुधवार, ४ नोव्हेंबर

शाळेच्या मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. "रविवारी तुम्ही काय करता ते मी विचारणार नाही, मथुराबाई. पण पालक मला विचारतात." मुली शाळेतून काढून घेतील ही त्यांना धास्ती. मी म्हटलं, एकीच्या जरी जिवाला काही झालं तर मी आपणहून नोकरी सोडीन.

बोलून गेले खरी. घरी दादाला सांगितलं नाही. हे गेल्यापासून मी त्याच्याच घरी आहे. तो कोर्टात कारकून – त्याला लोक आधीच पुष्कळ ऐकवतात.

रविवार, ८ नोव्हेंबर

महिपत तरीवाल्याने जुनी होडी दिली. "उतारू आले की होडी माझी. तवर तुमची." आज वल्ही हातात दिली. पहिला अर्धा वेळ होडी गोल फिरत राहिली आणि मुली हसत राहिल्या. मग चिमा आणि राहीचा ताल जमला.

राहीची आई हौसा काठावर येऊन बसते. तिची थोरली मुलगी गेल्या वर्षीच्या होडीत होती. हौसा कुणाशी बोलत नाही. सारा वेळ नजर राहीवर.

जाताना राही म्हणाली, "बाबा आला मुंबयसून." एवढंच.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

राहीचं लग्न ठरवलं आहे. गिरणीतला मुकादम, पंचेचाळिशीचा. दोन बायका मेल्या त्याच्या – दुसरी जिन्यावरून पडली म्हणतात. राहीला चौदा पुरी झाली, त्यामुळे बालविवाहाचा नवा कायदाही काही करू शकत नाही.

संध्याकाळी मी वाडीत गेले. भागोजी, म्हणजे राहीचा बाप, अंगणाच्या कडेला उभा राहून बोलला. उद्धट नाही. थकलेला वाटला.

"मुकादमानं मला कामाला लावलं, बाई. त्याच्या खोलीत ऱ्हातो. त्याला न्हाय कसं म्हनू?"

"त्याच्या आधीच्या बायकांचं काय झालं, माहीत आहे ना?"

तो म्हणाला, "तुमी पोवायला शिकवा. घरचं आमचं आमी बगू."

हौसा दारात होती. तिने मान वर केली नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर

राहीने खाडी पोहून ओलांडायचा हट्टच धरला. मी होडी घेऊन शेजारी. अर्ध्यावर गेलो आणि पाणी ओसरायला लागलं – माझा अंदाज चुकला. ओढ तिला समुद्राकडे नेऊ लागली. ती सरळ पलीकडे जायला धडपडत होती आणि जागची हलत नव्हती. मी ओरडले, "ओढीशी झगडू नको, तिरकी जा!" मध्येच तिचं डोकं दिसेना. मी वल्हं टाकून उडी घेणार तोच ती वर आली. मग तिरकी, सावकाश, एकेक हात टाकत पलीकडच्या वाळूला लागली. मी होडीतच रडले.

परतल्यावर हौसा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "एकटी जाईल का ती?"

"जाईल. भरती पुरी होऊन पाणी थांबलं की. एरवी नाही."

आईचं काळीज, दुसरं काय.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

राहीला बुधवारच्या आगबोटीने नेणार. मुंबईत लग्न.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

राही नाही.

सकाळी धुणं घेऊन खाडीवर गेली. कपडे खडकावर तसेच. महिपतने गळ टाकून तळ शोधला, काही लागलं नाही. मी धावत गेले तेव्हा सारी वाडी काठावर होती, धक्क्यावरची मंडळीही. हौसा माझ्या अंगावर धावून आली. "एक पान्यानं नेली, दुसरी हिनं नेली!" सगळ्यांसमोर माझ्या पायाशी थुंकली.

बुधवार, २५ नोव्हेंबर

आगबोट भोंगा देऊन गेली. भागोजी काठावर बसून होता, उठला नाही. एकही मुलगी माझ्याकडे बघत नाही. चिमाने मला पाहिलं आणि रस्ता बदलला.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

उद्या शाळेची कमिटी बसणार. फौजदारही येणार.

तीन दिवस विचार करते आहे. त्या सकाळी भरती पुरी होती, वारा नव्हता. अशा पाण्यात राही बुडेल? माझ्या राहीला मी ओळखत नाही? ती पलीकडे गेली असणार. उद्या हेच सांगणार – पावसकडे, पूर्णगडकडे माणसं पाठवा, शोधा. दादा म्हणाला, "एवढं बोललीस तर नोकरी वाचेल तुझी. आणि नावही."

शनिवार, २८ नोव्हेंबर

दुपारी हौसा मागच्या दारी आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पोर जित्ती हाय. मीच सांगितलं, पोवून जा. कुटं ते इचारू नका. बापाला कळलं तर वडून आनंल. बुडली असंच ऱ्हाव दे, बाई."

कमिटीपुढे फौजदारांनी विचारलं. मी म्हटलं, "बुडाली. माझं शिकवणं कमी पडलं."