वाइसमधलं पान

प्रिय ढलपे,

तुझं पत्र पोचलं. हे नाव वाचून हसली असशील. पण लहानपणी केसांत लाकडाच्या ढलप्या अडकवून वर्कशॉपातून घरी जायचीस म्हणून तुझ्या बाबांनी ते ठेवलं, आणि मी ते बदलणार नाही. तू लिहिलंयस की वाचनालयाची माणसं रविवारी येतील, वाइसच्या जबड्यात पकडलेली ती खुर्चीच्या पाठीची पट्टी मी हलक्या हाताने सोडवून द्यावी, पॉलिश मात्र करू नये. वाचनालयातल्या सगळ्या खुर्च्या तुझ्या बाबांनी, आपल्या डावऱ्याने केल्या, तेव्हा त्याचं शेवटचं, कोरायचं अर्धवट राहिलेलं पान तिथल्या भिंतीवर लागणार, खाली पितळी पाटी. कल्पना चांगली आहे. पाटीवरची अक्षरं जरा ठसठशीत घ्यायला सांग, पितळेवर बारीक अक्षर दिसत नाही.

इकडे सगळं तू सांगून गेलीस तसंच आहे. तुला आठवतं ना आमचं टेबल? खोलीच्या मधोमध, एका बाजूला तो, समोर मी. त्याच्या बाजूला खिडकी आणि वाइस, माझ्या बाजूला भिंत. भिंत आणि टेबल यांच्यामध्ये एक माणूस मावतो, तोही जेवणाआधीचा, असं तो माझ्या पोटाकडे बघून म्हणायचा. त्याची बाजू मी हलवलेली नाही. एप्रन खुंटीवर, पटाश्या त्याने लावलेल्या क्रमाने, वाइसमध्ये ती पट्टी. लांब फळी आली की ती त्या पट्टीला लागेल म्हणून मी बाहेर फुटपाथवर रंधा मारतो. तुझी काकू म्हणते, “टेबल अर्धं झालं, आता तुम्हीही अर्धे व्हा.” मी भिंतीला पाठ लावून उभा असतो आणि समोर ते अर्धं पान माझ्याकडे बघत असतं.

लोक म्हणतात डावऱ्याने मला शिकवलं. कुणी काही शिकवलेलं नाही. मी वखारीत फळ्या उचलायला होतो, तो लाकूड निवडायला यायचा. एकदा त्याच्या मागोमाग इथवर आलो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. तो डावरा, मी उजवा. समोरासमोर उभं राहिलं की आरशात बघितल्यासारखं. त्याचा हात जिकडे जाई तिकडेच माझाही जाई. इतर पोरं त्याच्या शेजारी उभी राहून गोंधळायची, मी कधी गोंधळलो नाही. ही माझी अक्कल, त्याची नव्हे, आणि हे तोही चारचौघांत कबूल करायचा. फक्त पान वेगळं निघे. खुर्चीच्या पाठीवर तो जे पान कोरायचा ते उजवीकडे झुकलेलं असे, माझं डावीकडे. गिऱ्हाईक खुर्ची घेताना आधी पानावरून बोट फिरवी. उजवीकडे झुकलं असेल तर खूश.

परवा तुमचे चित्रकलेचे मास्तर आले होते. पट्टीपाशी वाकून म्हणाले, “हात होता हो माणसाचा! असा हात आता पुन्हा होणे नाही.” मी मुंडी हलवली. मागे एकीला मी माझ्या पद्धतीने खुर्ची करून दिली, तर पान बघून म्हणाली, “काका, नक्कल केलीत, तीसुद्धा उलटी.” उजव्या हाताने कोरलं तर नक्कल, आणि डाव्या हाताने कोरलं तर लोक विचारतील, हे आलं कुठून? म्हणून तेव्हापासून मी पानच कोरलेलं नाही. साध्या, बिनपानाच्या खुर्च्या करतो. हात शिवशिवतात.

डाव्या हाताने, असं मी वर लिहून गेलो. ते खोडत नाही.

तुला आठवतं, फोनवर तू विचारायचीस, बाबा, तब्येत? तो म्हणायचा, ठणठणीत. तेव्हा फोन त्याच्या कानाला मी धरलेला असायचा. आधी बशीत कप वाजायला लागला. मग पटाशी घसरायला लागली. वाचनालयाचं काम अंगावर घेतलेलं, आणि त्यांना पान हवं ते डावऱ्याचंच. दुपारी दार लावून मी रद्दी फळ्यांवर डावा हात घासला. घरी डाव्या हाताने जेवायला लागलो तर तुझी काकू म्हणाली, हे काय नवीन खूळ? खांदा दुखतो म्हणून सांगितलं. मग मी त्याच्या बाजूला आलो आणि तो माझ्या. भिंतीकडे स्टूल टाकून बसायचा आणि शिव्या घालायचा. “दाबू नकोस रे, गाढवा. पटाशीला चालू दे, तू तिच्यामागून जा.” वाचनालयातल्या खुर्च्यांची पानं तशी झाली. एकालाही ओळखू आलं नाही. मला अभिमान वाटायचा आणि सांगायची सोय नव्हती. “ढलपीला कळू देऊ नकोस,” एवढंच त्याने मागितलं होतं. शेवटच्या दिवशी त्या पट्टीवरच्या पानाची एक शीर कोरायची राहिली होती. म्हणाला, थांब, जरा घरी जाऊन पडतो, मी आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मी अजून थांबलोय.

तो जिवंत असता तर हा शब्द मी मोडला नसता. पण मी कोरलेल्या पानाखाली त्याच्या नावाची पितळी पाटी लागली तर मी जन्मभर त्या भिंतीला पाठ लावून मुंडी हलवत राहीन, आणि तू जिथे हात जोडशील तिथे तुझे बाबा नसतील. म्हणून हे पत्र, आणि सोबत हा खोका. खुंटीवरून काढलेल्या त्याच्या एप्रनमध्ये गुंडाळलेली फळी आधी उजेडात धर. हे त्याचं शेवटचं पान. मी डावा हात घासत होतो त्याच दिवसांत एका दुपारी मला बाजूला सारून त्याने कोरलं आणि म्हणाला, जाळून टाक. मी जाळलं नाही. कडा फाटल्यात, दोन शिरा पानाबाहेर गेल्यात. भिंतीवर लावायचं की उशाशी ठेवायचं, ते तू ठरव. वाइसमधली पट्टी मी आज सोडवतोय, राहिलेली शीर उजव्या हाताने कोरून त्या खुर्चीला बसवणार आहे. पान दोन बाजूंना झुकलेलं दिसेल. दिसू दे. तू फक्त तुझ्या हातातल्या पानाची मधली शीर बघ. देठापाशी ती कापरी आहे, टोकाकडे एकदम सरळ झालीय. तिथे त्याने श्वास रोखून धरला होता. मी समोर उभा होतो, मीही धरला होता.

तुझाच,
टेबलापलीकडचा काका