सुकाणूवर दादा

३ मार्च

परत तेच! मी डेकवर आलो आणि नवरा-बायकोचं बोलणं बंद. वहिनी घाईघाईने दोऱ्या आवरायला लागली, दादा शीळ घालत शिडाकडे तोंड करून बसला. बोट ती केवढीशी, चहूकडे नुसतं पाणी — इथे माझ्यापासून लपवण्यासारखं आहे तरी काय?

४ मार्च

मळमळ कमी. दुपारचा चहा पोटात टिकला.

६ मार्च

दादा माझी परीक्षा घेतोय. नक्की! दिवसभर एकच — "छोट्या, होकायंत्र काय म्हणतंय?" "छोट्या, तो ढग कसला? काळा की करडा?" अरे, तुझ्याच डोक्यावर आहे ना, बघ की! सांगितलं की नुसतं "हं". चूक की बरोबर, तेही नाही. चाळिशी उलटली तरी मी याचा छोट्याच.

बाबांच्या मागे बोट आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली. समुद्र दादाचा. मी कपडे शिवणारा माणूस, सुटीपुरता यायचो. मग एवढा मोठा समुद्र ओलांडताना मीच कशाला? "तू हवासच," म्हणाला होता. आता उजेड पडतोय डोक्यात. पलीकडच्या बंदराला लागलो की म्हणेल — बघितलंस ना, तुला जमत नाही, हिस्सा सोडल्याची सही कर आणि मोकळा हो.

७ मार्च

चहाचा मग चुकीच्या खुंटीला अडकवला म्हणून वहिनी भडकली. "जिथली वस्तू तिथेच! कितीदा सांगू?" एका मगावरून एवढं? लग्न होऊन आली तेव्हापासून माझी बाजू घेणारी ती एकटी. तिलाही फितवलं दादाने.

९ मार्च

मोठं शीड फाटलं. एरवी दादा सुईला कुणाला हात लावू देत नाही. आज म्हणतो, "शिंपी तू आहेस, बस शिवत." बोटं सोलून निघाली. झाल्यावर त्याने सबंध शिवणीवरून हात फिरवला, टाका न् टाका चाचपत. चुकाच शोधत होता! "झकास झालंय," म्हणाला. गोड बोलून काम काढायचं, दुसरं काय.

१० मार्च

वारा पडला. बोट जागच्या जागी.

१२ मार्च

आज थोडक्यात वाचलो.

सकाळी लख्ख ऊन. मी खाली दाढी करत होतो. वर आलो तर समोर मालवाहू जहाज — हे एवढं थोरलं! — आणि आमची बोट सरळ त्याच्यावर निघालेली. वहिनी पुढे शीड बदलण्यात गुंतलेली, कापडाआडून तिला काही दिसत नव्हतं. दादा सुकाणूवर. चेहरा शांत!

"दादा, जहाज!"

"कुठल्या बाजूला?"

कुठल्या बाजूला म्हणे! त्याला ढकलून दिलं आणि सुकाणू फिरवलं. बोट कलली, वहिनी आपटली, तिचा गुडघा फुटला. जहाज गेलं, पण त्याच्या लाटांनी आम्हाला पार घुसळून काढलं.

"मारायचं होतं का आम्हाला?" मी ओरडलो. दादा पांढराफटक पडला होता. मला भिववायला गेला आणि स्वतःचीच बोबडी वळली! बरं झालं. बंदर आलं की सही करून टाकतो. पुन्हा याचं तोंड बघायचं नाही.

१३ मार्च

वहिनीच्या गुडघ्याची पट्टी बदलत होतो. आपणहून बोलली.

"त्याला दिसत नाही रे. वर्षभर कमी कमी होत गेलं. आता उजेड-अंधार कळतो, तेवढाच. तुला आधी सांगितलं असतं तर निघू दिलं असतंस?"

"नसतंच दिलं."

"एकदा शेवटचं जायचं होतं त्याला. मी म्हटलं, एखादा खलाशी घेऊ बरोबर. ऐकेना. म्हणाला, डोळे उसने घ्यायचे तर छोट्याचेच, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

वर गेलो. दादाने माझी पावलं ओळखली. बाकावर सरकून त्याने जागा केली.