पाठीवरचा पदर

आई,

विरूपाक्षमामासोबत हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात चालले. उद्या मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नको म्हणून कळव. घागरी भरून ठेवल्यात, टँकरचा भरवसा न्हाई.

घागर एकाच कडेवर घेतेस म्हणून खांदा उतरला, नीट उभी राहा, हेच तुझ्याकडून ऐकत आले. जिल्हा झाल्यापासून लातूरला हाडांचे डॉक्टर बसतात. मामानं काल मला तिथं दाखवलं. पाया पडताना वाकतो तसं त्यांनी नुसतं वाकायला लावलं. म्हणाले, पाठीचा कणाच वाकडा हाय. बाराव्या वर्षी आणलं असतं तर पट्ट्यावर भागलं असतं, आता ऑपरेशन.

कुणाच्या पाया पडायला वाकले, की तू लगबगीनं माझ्या पाठीवर पदर ओढायचीस. मला वाटायचं, रीत हाय.

तुला दिसत होतं ना, आई?

जगदेवी