केराच्या हातची गोळी

सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस केराचा शि. सा. न.

फोनवर बोललं की ह्यांना खाटेवर सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. भाड्याची खोली एवढीशीच हाय. कॅन्सर हाडात गेलाय, आता बरं व्हायचं औषध न्हाय म्हणाले डॉक्टर. दुखू नये म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, वेळच्या वेळी द्यायच्या.

जाऊबाई शिवबाई बघायला आल्या व्हत्या. म्हणाल्या, ही अफूच की, तू नवऱ्याला गुंगीत घालून मारायलीस. तवापासून गोळी काढते नि परत ठेवते. काल गोळी दिलीच न्हाय. ह्यांनी उशी दातात धरली, पण हाक मारली न्हाय. माळावर ओरडून मेंढरं वळवणारा माणूस. मी काय करू, ते कळवा. वहिनींनी धाडलेली चटणी लई झणझणीत, त्यांना सांगा. माया असू द्या.

तुमची केरा

मंगळवेढा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. केरास अ. उ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं न्हाय. पण भावकीत हितं तेच बोलत्यात. उद्या बिरुदेव दाजींचं बरंवाईट झालं तर बोल तुझ्यावर येईल. मी दे म्हणणार न्हाय. ज्वारी काढायला आलीय, ती झाली की येतो. तोवर गोळी थांबव. माझा जीव तुझ्यात हाय, हे धरून राहा.

तुझा दादा, अजिनाथ

सोलापूर,
२ मार्च २०२५

ती. दादांस शि. सा. न.

तुमचं पत्र आलं तवा मी डॉक्टरीणबाईंना इचारलं. त्या म्हणाल्या, जीव आजार घेतोय, ठरल्या मापातली गोळी न्हाय. मग ह्यांनाच इचारलं. म्हणाले, दे. दुखायला लागलं की मला तू दिसत न्हाईस.

मी दिली. त्यावर थोडे दिस मिळाले. दूधभाकरी खाल्ली. मी बाजारात वाट चुकले ते ऐकून, मेंढरागत तुझ्याबी गळ्यात घंटी बांधतो म्हणाले. मग खाणं सुटलं, आणि गेल्या मंगळवारी दुपारी झोपेतच गेले.

तुमी मातीला आलात, पण भावकीत हुबे राहिलात, माझ्याशी बोलला न्हाईत. शिवबाई चारचौघांत गोळीचं बोलल्या. शेवटची गोळी माझ्याच हातची व्हती, कुणी इचारलं तर लपवणार न्हाय. उरलेल्या आज दवाखान्यात परत केल्या. उद्या खोली सोडते.

शेवटी त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती, दादा. ते बघायला माझ्याबिगर कुणीच नव्हतं.

लोभ ठेवायचा का न्हाय, ते तुमी ठरवा.

केरा