भिकुबाईच्या ओट्यावरचं पाणी

पिंपळनेर, एप्रिल १९५६

तीर्थरूप नानांच्या चरणी पुतण्या पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याची कळ उतरली असेल आणि पापड बिघडल्याचा आईचा राग निवळला असेल, असं धरून चालतो. मी इथे खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण नाही. परवा मी आपल्या हातांनी तोंडाला काळं फासून घेतलं (तोंड मुळातच काळं, म्हणून गावाच्या लक्षात आलं नाही).

आमच्या शाळेत वना मास्तर आहेत. जातीने भिल्ल, गणितात माझ्या दोन पावलं पुढे. आम्ही एका बाकावर बसून हजेरी लिहितो. (डबे मात्र दोन खिडक्यांत खातो, का, ते कधी कोणी विचारलं नाही.) परवा शेजारच्या गावी मुलांची नावं नोंदवायला दोघे गेलो. तिथल्या चावडीवर मी ‘माणसं सगळी सारखी’ यावर अर्धा तास बोललो. टाळ्याही पडल्या. परतताना घसा सुकला, म्हणून एका मळ्यात भिकुबाई नावाच्या बाईंकडे पाणी मागितलं. वना मास्तर सवयीने ओट्याखाली बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. मी वर चढलो, तर बाई माझ्या रंगाकडे बघून म्हणाली, “तू बी तठेच बस.”

नाना, अर्ध्या तासाचं भाषण कुठे गेलं, देव जाणे! मी ओरडलोच. आपलं कूळ, एरंडोलची शेती, आजोबांची पाटीलकी (जी कधी नव्हतीच), सगळं ऐकवलं. बाई घाबरली. तिने घोंगडी अंथरली, तांब्या पुन्हा घासून आणला. वना मास्तर खाली ओंजळ धरून तसेच होते. शांतपणे म्हणाले, “पहिले पानी पी ल्या, मास्तर. जात कोठे पळी जास नही.”

मी प्यायलो. वर बसून प्यायलो, नाना, आणि त्यांच्या ओंजळीत तिने उंचावरून धार धरली तेव्हा गप्प राहिलो. फार लाज वाटते. तेव्हापासून ते माझ्याशी हजेरीपुरतंच बोलतात. असा माणूस मला गमावायचा नाही.

आपला,
पितांबर

ता. क. : आखाजीच्या सणाला वना मास्तरांना घरी आणावं म्हणतो. आईला समजावून आमची दोघांची ताटं एकाच पंगतीत मांडायला लावाल का?

आणखी एक : पत्र पेटीत टाकण्याआधी त्यांना विचारलं. म्हणाले, “पहिले तुम्ही आमना घर या. मनी माय पानी दी.” रविवारी जातो आहे, त्यांच्या आईच्या हातचं पाणी प्यायला. तेव्हा त्यांच्या ताटाचं तूर्त राहू द्या. त्यानंतर आई माझं ताट कुठे मांडणार, तेवढं विचारून ठेवा.