आवाज तोच शे

२ फेब्रुवारी, रविवार
दुपारचं लाइव्ह झालं. एकच गाणं घेतलं, मैनाताईंनी गायलेलं, माहेरच्या वाटेवरचं. आंडेर म्हणजे मुलगी, हे सुरतेत वाढलेल्या आपल्या पोरांना अजून सांगावं लागतं. सांगते. त्यांच्या आया तिकडे साड्यांवर खडे चिकटवण्यात गुंतलेल्या, घरात अहिराणी बोलणार कोण आणि कधी. मैनाताईंच्या गाण्यांतूनच ही पोरं भाषा शिकतात आणि अडलं की मला विचारतात. एवढंच माझं काम. त्याचं केवढं होऊन बसलंय.

संध्याकाळी नंदुरबारहून शरदचा फोन. फोनवरचा आमचा गट तुम्ही काढला, पण चालवतो मी, असं तो म्हणतो. खरंही आहे. मैनाताईंचं नवं गाणं शुक्रवारी येतंय. शरदने परस्पर लिहून टाकलं, "सुनंदाताई सर्वांत आधी ऐकतील आणि सांगतील." मला विचारलं नाही.

४ फेब्रु., मंगळवार
लॅबमध्ये सकाळपासून उपाशीपोटीवाल्यांची गर्दी. मंदाण्याकडची एक बाई, शुगर तपासायला आलेली. सुई टोचतानाही माझ्या तोंडाकडेच बघत होती. मग म्हणाली, "तुम्हीच का व त्या? मैनाताईना गानाना अर्थ सांगतस त्या?" आवाजावरून ओळखलं म्हणे. मग सेल्फी. तिच्या कोपराच्या घडीत कापूस दाबलेला, माझ्या हातात तिच्याच रक्ताची नळी. काचेपलीकडून डॉक्टर बघत होते.

बाहेर बाकावर ती सगळ्यांना सांगत होती, "मैनाताईनी खास मैत्रीण शे ती."
खास कसली. दोनदा भेटले आहे. एकदा दोंडाईच्याला कार्यक्रमानंतर, स्टेजमागे. एकदा त्यांच्या घरी, तेव्हा चहा दिला, शेव-मुरमुरे दिले. बस. हे किती जणांना सांगत बसू.

७ फेब्रु., शुक्रवार
गाणं आलं. गच्चीवर जाऊन ऐकलं, परत ऐकलं.
आवाज सपाट आहे. मैनाताई जिथे श्वास तोडतात तिथे तोडलेला नाही. वरच्या जागेला जो थोडा खरखरीत काठ असतो तो कुणीतरी घासून काढलाय. आणि दोन ओळी तर... त्यांत मैनाताई नाहीतच असं वाटलं. मशीन आहे.
गटावर सगळे वाट बघत होते. लिहिलं, "ठेका छान. शब्दांचं रविवारी बोलू." आवाजाबद्दल काही लिहिलं नाही. लगेच शरदने त्याला लाल बदाम लावून वर चिकटवलं, "ताईंची पसंती!!"
पसंती म्हटलंच नव्हतं.

९ फेब्रु., रविवार
सकाळी कळसाडीला, शेतावर. पपईची तोड चालू आहे, हे पहाटेच गेलेले. लाइव्ह शेतातूनच केलं. पोरांना पपईच जास्त आवडली, शब्दांचं फार कुणी विचारलं नाही. सुटले.

जेवताना मोठ्या जाऊबाईंनी विषय काढला. त्यांच्या नीलेशचं एप्रिलमध्ये लग्न. "हळदले मैनाताई पाह्यजे. तू नुसता फोन कर. तुन्हा शब्द ती मोडाव नही." मी म्हटलं, बघते. बघते म्हणायला नको होतं. जाऊबाईंनी तिथल्या तिथे विहिणीला फोन लावून कळवूनही टाकलं.
येताना गाडीवर हे म्हणाले, "तुन्ही तर आमदारनीसारखी गत व्हई गई." हसले. मीही हसले.

१२ फेब्रु., बुधवार
ज्योतीने गटावर लिहिलं. ज्योती म्हणजे सुरतेतल्या उधन्याची. आई इकडच्या खापर गावची, पण हिचा जन्म सुरतेचाच. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा एक वाक्य धड येत नव्हतं, आता मला चुका दाखवते. गुणी पोर. साधंच लिहिलंय तिने, "ह्या गाण्यातला आवाज पूर्ण मैनाताईंचा वाटत नाही. मलाच तसं वाटतंय का?"
बरोबर ऐकलं हिने.
लॅबमध्ये होते. रात्री उत्तर देऊ म्हटलं. रात्री पाहुणे.

१४ फेब्रु., शुक्रवार
दोन दिवसांत काय करून ठेवलं लोकांनी. "गुजरातले इकायेल", म्हणजे विकलेली. "मशीनवाली." "मैनाताईना भाकरवर मोठी व्हयनी आते तिलेच नावं ठेवस." शरदने स्वतः लिहिलं, "सुनंदाताईंना गाणं पसंत आहे. त्यांच्यापेक्षा हिला जास्त कळतं का?"
म्हणजे माझंच नाव काठीसारखं वापरलं.
शरदला फोन केला. "ताई, तुम्ही यामा पडू नका. लोके आपोआप थंडा व्हतीन." त्याला हे सगळं बरं वाटत होतं, आवाजात कळत होतं. गट इतका जागा कधी नव्हता, म्हणाला.
मी तेव्हाच गटावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या. लिहिल्या, पुसल्या. लिहिलं तर पुढचा प्रश्न, मग तुम्हाला काय वाटतं? आणि मला जे वाटतं ते...

१६ फेब्रु., रविवार
लाइव्ह नाही घेतलं. घसा बसलाय असं लिहिलं. "लवकर बरं व्हा ताई", फुलं, हात जोडलेले. घसा ठणठणीत आहे.

१८ फेब्रु., मंगळवार
भिकनभाऊंचा फोन. मैनाताईंचे यजमान, हार्मोनियमवर तेच असतात. आजवर कधी त्यांनी आपणहून फोन केला नव्हता. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाले, "ताई, तिना गळामा गाठी शेत." डॉक्टरांनी बोलणंही बंद केलंय, गाण्याचं तर सोडाच. पाटीवर लिहून दाखवतात म्हणे. गाणं जुन्या तुकड्यांतून आणि मशीनवर जुळवलेलं. काही ओळी दुसऱ्या पोरीच्या.
"कोनले सांगू नका. एप्रिल-मेना कार्यक्रम लियेल शेतस. तुम्ही फक्त इतलं बोला, आवाज तोच शे. तुम्हनं लोके आयकतस."
मी म्हटलं, विचार करते. ते म्हणाले, "विचार काय करना त्यामा?"
गाठी साध्या आहेत की कशा, ते विचारायचं राहून गेलं. विचारायला हवं होतं आधी.

१९ फेब्रु., बुधवार
दिवसभर डोक्यात तेच. लॅबमध्ये रोज कुणा ना कुणाचा रिपोर्ट माझ्या हातून जातो. गल्लीतल्या बाईचा, भाजीवाल्याचा. आजवर घरातही कधी बोलले नाही, त्याचं ओझं कधी वाटलं नाही. हे वेगळं आहे. गप्प बसायला सांगितलं असतं तर बसले असते. भिकनभाऊ म्हणतात बोला, आणि खोटं बोला. आणि ते खोटं ज्योतीच्या डोक्यावर फुटणार.

२० फेब्रु., गुरुवार
अनोळखी नंबर. ज्योती. मैत्रिणीच्या फोनवरून. कुणीतरी तिच्या भावाचा नंबर शोधून काढला, चार-पाच जणांनी त्याला फोन करून वाट्टेल ते ऐकवलं. भावाने हिचा फोन काढून घेतलाय. घरी सगळे म्हणतात, गाणं ऐकायचं तर ऐक, बोलायला कुणी सांगितलं होतं.
"ताई, मी खोटं बोलली का? तेवढं सांगा. मला खरंच तसं ऐकू आलं. आता मलाच माझ्या कानांचा भरवसा नाही."
मी म्हटलं, "नाही, खोटं नाही बोललीस."
"मग तुम्ही गप का होत्या?"
भांडायला नव्हती विचारत. खरंच माहीत नसल्यासारखी विचारत होती. त्याने जास्त...
पलीकडे शिवणयंत्रं चालू होती, कुणीतरी तिला हाक मारली. फोन कट.

२१ फेब्रु., शुक्रवार
यांना सगळं सांगितलं, गाठींचं सोडून. हे कोथिंबीर निवडत बसले होते. म्हणाले, "तू बोलनी तरी बोलतीन, नही बोलनी तरी बोलतीन. मंग तुले जे खरं वाटस ते बोल ना."
यांचं सगळं इतकं सोपं असतं. पण झोप लागली आज.

२२ फेब्रु., शनिवार
भिकनभाऊंना मीच फोन केला. म्हटलं, गाठींचं माझ्या तोंडून जाणार नाही, आवाज तोच आहे असंही मी म्हणणार नाही. "आम्हनं काय व्हई मंग?" म्हणाले. मी म्हटलं, मैनाताईंना विचारा तरी, त्यांना काय हवंय. "तिले काय इचारनं," म्हणाले आणि फोन ठेवला.

२३ फेब्रु., रविवार
बोलले.
लाइव्हसाठी आधी लिहून काढलं होतं, वाचलं नाही. जे आठवतंय ते असं: ज्योतीला जे ऐकू आलं ते मलाही ऐकू आलं, पहिल्याच दिवशी. मी गप्प राहिले कारण तुम्ही सगळे माझं ऐकता, आणि मला त्याचीच भीती वाटली. का तसं झालं ते विचारू नका, शोधायला जाऊ नका. मैनाताईंवर माझी माया आहे तेवढीच आहे. आणि ज्यांनी ज्योतीच्या भावाला फोन केले त्यांनी परत फोन करून माफी मागा, नाही तर हा गट सोडा.
फोन ग्लासाला टेकवून ठेवला होता. खालून शेरे इतक्या वेगाने सरकत होते की एकही वाचता आला नाही.
बंद करून भांडी घासली. सगळी. घासलेलीसुद्धा.

२४ फेब्रु., सोमवार
आता सगळ्यांना एकच प्रश्न, "का तसं झालं?" मी नको म्हटलं म्हणूनच शोधतायत. कुणी म्हणतं मैनाताई नवऱ्याला सोडून गेल्या, कुणी म्हणतं कंपनीने फसवलं. भिकनभाऊंना दिलेला शब्द मी पाळला की मोडला? गाठ हा शब्द तोंडातून गेला नाही. पण दार तर मीच उघडलं.

२ मार्च, रविवार
शरदने नवा गट काढला, "अस्सल मैनाताई परिवार". निम्म्याहून जास्त तिकडे गेले. माझेच जुने शब्दार्थ तिथे रोज टाकतात, नाव काढून. वाचून राग यायला हवा होता. बरंही वाटलं, आणि नाही वाटलं. शब्द तर पोचतायत.
इकडे उरलेल्यांसाठी लाइव्ह घेतलं. थोडी माणसं, निवांत. एका म्हाताऱ्या बाबांनी खापरहून विचारलं, लाइव्ह बंद कसं करतात. सगळे मिळून त्यांना सांगत बसलो.

५ मार्च, बुधवार
लॅबमध्ये एक जण हात पुढे करता करता थांबला, म्हणाला, "त्या दुसऱ्या ताई घेतीन रक्त." घेऊ दे.
जाऊबाईंना सांगितलं, मैनाताई हळदीला येणार नाहीत. "इचारं का तू?" नाही विचारलं. "म्हंजे तुले इचारानंबी जड झाये." कारण सांगता येत नाही. विहिणीला आता कोण कळवणार यावरून घरात दोन दिवस धुसफूस. शेवटी यांनी कळवलं.

८ मार्च, शनिवार
ज्योतीचा फोन, तिच्या स्वतःच्या नंबरवरून! खापरचे तेच बाबा. त्यांनी तिच्या भावाला फोन केला. शिव्या देणाऱ्यांत ते नव्हतेच, तरी सगळ्यांच्या वतीने माफी मागितली, अर्धा तास बोलले. निघालं असं की ते तिच्या आईच्या गल्लीतलेच. भावाने फोन परत दिला. बाकी कुणी माफी मागितली नाही.
गटात ये म्हटलं तर म्हणाली, "बघते." जाऊबाईंना म्हटलेला माझाच शब्द.

१३ मार्च, गुरुवार
होळी. गल्लीतल्या होळीला नारळ वाहिला. शेजारच्या स्पीकरवर तेच नवं गाणं, पोरं नाचत होती. त्यांना काय फरक पडतो आवाज कुणाचा. मीही थोडा वेळ उभी राहिले. ठेका खरंच छान आहे.

१७ मार्च, सोमवार
मैनाताईंचा मेसेज. त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून, पहिल्यांदाच.
"ताई त्या पोरना नंबर देशात का. जिनी आवाज वळखा तिना"
बास, एवढंच, नंबर द्याल का. रागाने की कशाने, काही कळायला मार्ग नाही. तब्येतीचं विचारलं तर त्याला उत्तर नाही. बोलायची बंदी आहे, मग नंबर कशाला हवा? ते विचारलं नाही.
ज्योतीला कळवलं. ती घाबरली. "त्या रागावल्या असतील का ताई?" मी म्हटलं, माहीत नाही. या वेळी मी काहीच ठरवणार नाही, तू सांगशील तसं. "देऊ नका," म्हणाली. मग, "थांबा."

१८ मार्च, मंगळवार
दुपारी जेवणाच्या सुट्टीत ज्योतीचा मेसेज, "द्या."
दिला. मैनाताईंकडे निळ्या खुणा झाल्या, बाकी काही नाही.

१९ मार्च, बुधवार
गव्हाची कापणी लागली, हे शेतात. लॅब लवकर सुटली. रविवारचं लाइव्ह घ्यायचं की महिनाभर थांबायचं, ठरत नाही.
संध्याकाळी चहा ठेवून ज्योतीला फोन लावला. व्यस्त. कप धुतले, परत लावला, व्यस्त. मैनाताईच असतील का पलीकडे, बोलायची बंदी असताना? कणीक मळली, परत लावला. हे घरी आले, हातपाय धुतले, तेव्हाही व्यस्तच.